उपाशीपोटीची साखर

"हात सैल सोडा, तात्या. नख कापतेय, बोट नाही."

तात्यारावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, म्हणून आज पहिल्यांदाच विनया सासऱ्यांची नखं कापायला बसली होती. फरीदाबादच्या त्या अरुंद बाल्कनीत रविवारचं ऊन जेमतेम तासभर येत असे. डाव्या हाताच्या करंगळीपाशी ती थांबली. बोटाच्या कडेला काळसर ठिपके होते, बारीक आणि दाट. शेजारच्या बोटालाही होते. उजव्या हातालाही.

तेवीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या बाईला हे ठिपके कळायला वेळ लागत नाही. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं, हे तिनंच शिकवलं होतं. पण नवऱ्याला.

"तात्या, तुम्हाला शुगर कुठे आहे?"

"नाही ना, म्हणूनच तर! सूर्या सकाळी येतो, म्हणतो, तात्या, बोट. कधी शहाण्णव, कधी एकशे दोन. तुझ्या नवऱ्यापेक्षा म्हातारा ठणठणीत निघाला बघ." तिनं त्यांचा पंजा उन्हाकडे वळवला, तशी ते म्हणाले, "रागावलीस? अगं, तीन महिने घरात भांडण नाही. मला काय, मुंगी चावल्यासारखं होतं."

दिवाळीत कोल्हापूरला जायचं रद्द करून विनयानं ते सगळे पैसे नवऱ्याच्या, सूर्यकांतच्या मधुमेहापायी त्याच्या तब्येतीत घातले होते. फुकटचा सल्ला माणूस विसरतो, दाम मोजून आणलेली वस्तू विसरत नाही, असं तिचं मत. रक्त तपासायचं यंत्र तिनं मुद्दाम महागातलं घेतलं. आकडा थेट तिच्या मोबाइलवर यायचा. पट्ट्या नेमानं संपत होत्या, एकही वाया जात नव्हती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी रोज तिच्याच हातून होत होती, दुसऱ्यांची. नवऱ्याची तिनं केली नव्हती. आकडे इतके चांगले होते, की करावीशीच वाटली नाही.

दार उघडून सूर्यकांत आत आला. फिरून येताना त्यानं भाजी आणली होती.

"क्या बात है, सकाळी सकाळी कोर्ट भरलंय!" मग त्याला विनयाच्या हातातला वडलांचा पंजा दिसला. "तात्या, तुम्ही पण ना यार."

"मी काय केलं? तिनं विचारलं, मी सांगितलं."

"का केलंत?" विनयानं नवऱ्याला विचारलं.

तो स्टुलावर बसला. बुटाच्या नाड्या सोडत राहिला. "पहिल्या आठवड्यात दोनशे ऐंशी आली होती. तू दोन दिवस धड जेवली नाहीस. मग एकदा तात्यांचं रक्त घेतलं, तर तू लॅबमधून फोन केलास. इतकी खूश होऊन कामावरून कधी फोन केला होतास? दुसऱ्या दिवशी म्हटलं, आजच्या दिवस करू."

"आणि खाणं?"

"ऑफिसात सगळे समोसे मागवतात. मी एकटा उठून जाऊ?"

त्यानं बूट काढला. चालायची सवय लागावी म्हणून तिनं त्याच पैशांतून घेतलेले बूट. मोज्याची टाच रक्तानं कडक झाली होती.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हे कधी झालं?"

विनया उठली. जमिनीवर बसून तिनं त्याचा मोजा सोडवला, पाय मांडीवर घेतला.

"डोळे मिटा. मी पायाला हात लावीन. कळलं की सांगा."

"आता हा कुठला खेळ?"

"मिटा."

त्यानं मिटले. तात्याराव खुर्चीत मान पुढे काढून ऐकत होते. विनयानं त्याचा अंगठा दाबला. मग शेजारचं बोट. मग करंगळी. मग तळव्याचा मऊ भाग.

"अगं, लाव ना," सूर्यकांत डोळे मिटूनच म्हणाला. "मी तयार आहे."

विनयानं आणखी जोरानं दाबलं.