पुलाखालची बाई

१९१४ साली युद्ध सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हा माझ्या भावाला हेर म्हणून धरलं.

सिरिल त्या उन्हाळ्यात प्रागहून घरी आला होता. तिकडे त्याचं काही बरं चाललं नव्हतं. आधी असं नव्हतं. कलाशाळेत असताना त्याने काढलेल्या सफरचंदाच्या बागेला बक्षीस मिळालं होतं आणि ते चित्र आमच्या नगराध्यक्षांच्या दिवाणखान्यात लागलं होतं. मग तो एक हिवाळा पॅरिसला राहून आला, आणि त्यानंतर त्याच्या चित्रात साधी दुधाची किटलीसुद्धा सरळ उभी राहिना. सगळ्याला कोन, पैलू आणि धारा. रंगही गेले. उरले ते माती, राख आणि शेवाळ. प्रागच्या प्रदर्शनाला लोक यायचे ते हसायला. आमचे वडील म्हणायचे, "पोरगा डोळे तिकडेच विसरून आला."

त्या दिवशी मी नदीवर उतारूंच्या खाणावळीच्या चादरी धूत होते. धुण्याचा घाट रेल्वेच्या पुलाखालीच आहे. सिरिल कोळशाने मला काढत होता. पण एका जागी बसून काढेल तर तो सिरिल कसला. थोडा वेळ काठावर, मग माझ्या पाठीमागे, मग विजार वर करून गुडघाभर पाण्यात. पुलावर नुकताच पहारा बसला होता, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हतं. वरच्या शिपायाने हा सगळा प्रकार पाहिला. खाली उतरले ते चौघे, बंदुका रोखून.

आम्हाला शाळेत नेलं. तिथे पलटणीचा कप्तान बसायचा. वर्गातली बाकं भिंतीशी रचलेली, फळ्यावर अजून मुलांची बेरीज तशीच. दाराशी आमच्या गावचा हवालदार काबेला उभा होता. लहानपणापासूनची ओळख, पण त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

कप्तान आमच्याच बादशहाच्या फौजेतला, पण जर्मन; आमची भाषा एकेक शब्द चावून बोलायचा. त्याने कागद टेबलावर पसरला.

"हे काय आहे?"

"माझी बहीण," सिरिल म्हणाला. "कपडे धुतेय."

कप्तानाने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "कुठे?"

सिरिलने बोट ठेवलं. कप्तान वाकला, पुन्हा सरळ झाला.

"आणि ही अक्षरं?"

"रंगांची आहेत. घरी रंगवताना आठवायला. हे गेरूचं, हे करड्याचं."

"असं तू म्हणतोस."

मी हळूच काबेलाजवळ सरकले. शेजारच्या तालुक्यात पुलाचा फोटो काढताना एकाला धरलं होतं. त्याचं काय झालं, असं मी विचारलं. काबेला आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

मी सिरिलच्या कानाशी लागले. "त्या बागेसारखं काढून दाखव ना यांना. एकदाच. तू चित्रकार आहेस हे तरी कळेल."

"अगं, तेच तर नको," तो पुटपुटला. "ज्याला सरळ येतं त्याने मुद्दाम वाकडं का काढलं, हेच विचारतील."

कप्तानाचे कान तिखट होते. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. "हवालदाराला काढ."

सिरिलने कोळसा उचलला. बघता बघता काबेलाच्या मिशा आल्या, गळ्याशी ताणलेलं बटण आलं, हनुवटीवरचा मस आला. काबेला भान विसरून पुढे आला. "माझ्या बायकोला देशील का रे हे?" कप्तानाने वळून पाहिलं तसा तो परत दाराशी जाऊन ताठ उभा राहिला.

"म्हणजे येतं तुला," कप्तान म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता, आणि मला तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट वाटला. "मग हे असं का?"

प्रागमध्ये हा प्रश्न कुणी विचारला की सिरिल टोपी उचलून चालायला लागायचा. इथे दाराशी बंदूक होती. त्याने माझ्या ओल्या एप्रनकडे पाहिलं. मग म्हणाला, "अपोलेना, एप्रन पीळ."

"काय?"

"ओला आहे ना? काढ आणि पीळ. नुसती उभी राहू नकोस, नदीवर पिळतेस तसा पीळ." मग कप्तानाकडे वळून म्हणाला, "तुम्ही कागद घ्या आणि हिच्याभोवती चाला."

काबेलाने डोळे मिटून घेतले. मलाही वाटलं, झालं आता. पण कप्तान उठला. का उठला ते मला आजही सांगता येणार नाही. मी एप्रन पिळत होते, शाळेच्या फरशीवर पाणी टपकत होतं, आणि पीळ काही केल्या बसेना. त्याचे बूट माझ्या बाजूने गेले, मागे गेले, थांबले.

"मान," तो म्हणाला. थोडं पुढे येऊन, "ही मूठ. हे कोपर. आणि हे पण कोपरच. एकाच हाताला दोन?"

"तुम्ही जागा बदललीत म्हणून," सिरिल म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. त्या घडीला तो कुठे आहे हे तो विसरलाच होता.

कप्तान चालत राहिला. मग त्याचं बोट कागदावर वर सरकलं आणि तिथेच थबकलं.

"हा पूल आहे."

मघापर्यंत त्याला तो दिसलाच नव्हता. ते चित्र वाचायला त्याला सिरिलनेच शिकवलं होतं. मी मनात म्हणत होते, झाडं म्हण, कुंपण म्हण, काहीही म्हण.

"हो," सिरिल म्हणाला. "पूल आहे."

कप्तान खिडकीशी गेला. तिथून पूल दिसतो. त्याने बाहेर पाहिलं, कागदावर पाहिलं. "इथे खांब पाच आहेत. तिथे तीन."

"मी फिरत होतो. दोन पुन्हा दिसले."

काबेला खाकरला आणि खाकरल्याबद्दल शरमला.

"यावरून सुरुंग लावायला कुणी आला," कप्तान म्हणाला, "तर तो पाण्यातच लावेल." तो हसला नाही, त्यामुळे ही सुटका की आरोप, हे आम्हाला कळेना. मग त्याने टेबलाची कड धरून कागद नीट दोन भागांत फाडला. पुलाचा तुकडा खणात टाकला. उरलेला सिरिलला दिला नाही, मला दिला. "याने पुन्हा पूल काढायचा नाही. कसलाच. आणि सोमवारी भरतीला हजर व्हायचं."

बाहेर आल्यावर मला रडू कोसळलं. सिरिल मात्र फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत होता.

"अर्धं फाडलं गं त्याने."

"जीव वाचला तुझा, आणि तू कागदाचं काय घेऊन बसलास?"

"तसं नव्हे. एवढे लोक येऊन हसून गेले, कुणाला काही दिसलं नाही. याला दिसलं, म्हणून याने फाडलं."

मी कागद त्याच्या हातात कोंबला आणि घराकडे चालू लागले.

रविवारी आई आलुबुखारे भरून पिठाचे गोळे उकडत होती, आणि सिरिलने मला चुलीपाशी उभं करून पुन्हा एप्रन पिळायला लावला. फाटलेल्या बाजूला त्याने नवा कागद चिकटवला होता. त्यावर पूल नव्हता. हातात कागद घेऊन चालणारा एक माणूस होता, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. सोमवारी सकाळच्या गाडीने तो गेला.

चार वर्षांनी परतला तेव्हा त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात वर जाईना, म्हणून कॅनव्हास जमिनीवर पसरून तो गुडघ्यांवर बसून रंगवायचा. पहिलं मोठं चित्र त्याने त्या कागदावरूनच केलं, त्याच माती-राखेच्या रंगांत. त्यात मी एकदाच आहे, आणि पुलाच्या जागी कप्तान, चार ठिकाणी. मला विचाराल तर त्याला एकाही ठिकाणी घ्यायला नको होतं. मी तसं सांगितलंही. सिरिल म्हणाला, "मग उरलेल्या जागेत काय काढू?" आणि ब्रश धुवायला उठला.