भट्टी पेटायच्या आधीचं रक्त

आबाजी गेले, पण त्यांचं रक्त आमच्याकडे होतं. दरवर्षी घेतलेलं. गोठवलेलं.

बॅटरीची कंपनी, शिसं वितळवायची भट्टी. कामगारांच्या अंगात वर्षानुवर्षं किती शिसं साठतं, ते बघायचा आमचा अभ्यास. बहात्तर साली भट्टी पेटायच्या आधी सगळ्यांचं पहिलं रक्त घेतलेलं. मी खूप नंतर लागलो. शाळा सुटलेली, बाकी पुस्तकं वाचून शिकलो. नळ्या सांभाळतो, टाइप करतो.

कंपनी म्हणाली, आबाजी दारूनं गेले.

त्यांची बायको सोजराबाई पिंपळे गुरवहून आली. बरोबर मुलगा भिमाजी. बापाच्या जागी त्याच भट्टीवर नुकताच लागलेला.

"पैलं रगत चांगलं आन् श्येवटचं नासल्यालं, येवढं दाखवा," ती म्हणाली. "मंग ह्यो तिथं जाणार न्हाई. शबूद दिलाय."

"दिलाय," भिमाजी म्हणाला. "पन पुरावा पायजे. नुसत्या आयेच्या रडन्यावर नोकरी सोडू व्हय राव?"

आमच्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही नळ्या तपासून घेतल्या. शेवटच्या नळीत शिसं भरपूर. पहिल्या नळीतही तेवढंच.

मग त्यांनी त्याच पहिल्या वर्षीची, भट्टीशी संबंध नसलेल्या एका कारकुनाची नळी काढली. त्यातही शिसं. तेव्हा त्यांनी बूच उजेडात धरलं. कडेला लाल भुकटी.

"शेंदूर हाय त्यो," सोजराबाई म्हणाली. चेहरा एकदम उजळला. "ह्यांनीच लावला! खंडेनवमीला भट्टी पुजली, तवा म्हनले, ह्या नळ्या बी आपलीच हत्यारं. रिकाम्या मांडून ठिवल्या व्हत्या. समद्यांवर बोट वढलं. ताट माज्याच हातात व्हतं."

मॅडम खाली बसल्या. शेंदरात शिसंच असतं. त्या वर्षीच्या सगळ्या नळ्या बाद.

मी सोजराबाईला समजावून सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, तरी सांगितलं.

"मंग दुसऱ्या वर्साचं घ्या की."

"तोवर ते वर्षभर भट्टीवर होते, मावशी. तेव्हापासूनच्या सगळ्या नळ्यांत सारखंच शिसं. कंपनी म्हणणार, आधीपासूनच होतं."

तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही.

"चल आये," भिमाजी म्हणाला. "सेकंड शिफ्ट हाय माजी."

"भिमा, नगं जाऊ रं."

"पुरावा कुटाय?"

मॅडमनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, नवीन लागलेल्यांपासून पुन्हा सुरुवात करू. निदान याच्या वेळी तुलनेला काहीतरी असेल.

"ह्यो मेल्यावर?" सोजराबाईनं विचारलं.

मॅडमनी नवी नळी माझ्या हातात दिली.

भिमाजीनं बाही वर केली. मी दंडाला रबर बांधलं. शीर लगेच सापडली, तरुण माणूस. नळी भरत होती आणि सोजराबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"दुखतंय का रं?"

"गप गं आये. ह्या दादांचा हात हलंल."

तो हसला. कापसाचा बोळा दाबून धरला आणि शिफ्टला गेला.