वामनरावची मुकी बंदूक

माह्या नवऱ्याचं नाव बापूजी. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनते, पन मी आज घेऊनच सांगनार आहे, काऊन का मी रागात आहे. आमचं गाव जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या काठाले. आमी भाजीपाल्यावाले मानसं. लहानसा मळा, त्यात मेथी, वांगे, टमाटे, एका कोपऱ्यात रताळी. आन दावनीले चांदी, म्हंजे आमची म्हैस. होती. आता नाही. तेच सांगून राह्यली.

गावात बंदूक एकच, वामनरावची. पीक राखाच्या परवान्याची, त्याच्या बापापासूनची. रोज दिवेलागनीले वामनराव बांधावर जाते, बंदूक खांद्याले लावते आन एक बार काढते. धडाम! की रानडुकरं नदीकडं पळाले समजा. इतक्या वरसात त्या बंदुकीनं एक डुक्कर मारलं असन तर मी माहं नाव बदलून ठेवीन. वामनरावच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. समोर बसलेला जावई वळखू येत नाही, तर जवारीतलं डुक्कर काय दिसन? पन आमाले मेलेलं डुक्कर पाह्यजेच कोनाले होतं? पळालं म्हंजे झालं. त्या बंदुकीत सारं काम आवाज करे, छर्रे नुसते फिराले जाय.

मंग आला अमर. वामनरावचा पोरगा, हैदराबादले इंजिनेर. कंपनीनं घरूनच काम करा म्हनलं, म्हनून दसऱ्याच्या आधीच गावात येऊन बसला, मांडीवर लॅपटॉप घेऊन. काही दिवस बापाची बंदूक पाह्यली आन म्हने, "बाबा, हे सारं चुकीचं चालू आहे. आवाज झाला की डुकरं पळते. पळाल्यावर मारसान कसे? आवाजच नाही झाला तर डुकरं जागच्या जागी उभे राहीन. मंग एकेक करून घ्या."

ऐका! डुकरं पळू नये म्हनून उपाय! आमी जनमभर त्याईले पळवलं, आन हा शिकलेला पोट्टा म्हनते, थांबवू. मी चंपाबाईले म्हनलं, "माय, उद्या हा चोर पळू नये म्हनून कुत्र्याच्या तोंडाले फडकं बांधन." चंपाबाई आमची शेजारीन, लय हासली. पन तोंडावर पदर धरून, इकडंतिकडं पाहून. काऊन का गावात थ्रेशर वामनरावचं, आन उन्हाळ्यात ज्या बोअरले पानी राह्यते ते बोअरबी वामनरावचं. त्याले हासाचं म्हंजे आपले वाफे कोरडे ठेवाचे.

अमरनं पारावर साऱ्याईले बोलावून लॅपटॉपवर चित्र दाखवलं. बंदुकीच्या तोंडाले लावाची एक नळी, आतून कप्पे कप्पे. म्हने, "छर्ऱ्याच्या मागून गरम वायू एकदम बाहेर फुटते, तोच धडाम करते. त्याले बाहेर पडाच्या आधी एकेका खोलीत फिरवला, पसरू देला, थंडा केला, की आवाज मरते. मोटरसायकलीले असते तसंच."

मले ते पटलं, खोटं काऊन बोलू? आमच्या घरी सासूची खोली येगळी केली तवा आवाज असाच खाली आला होता. पन चित्रातली नळी येगळी आन हातातली येगळी. पह्यली नळी आदिलाबादेहून बनवून आनली. पह्यल्याच बाराले ते बंदुकीतून सुटली आन थेट चंपाबाईच्या वाळवनात जाऊन पडली. अमर म्हने, "डिझाइन बरोबर होतं, वेल्डिंग खराब होतं." दुसरी नळी भोपळ्यावानी फुगली. अमर म्हने, "डिझाइन बरोबर होतं, लोखंड खराब होतं." तिसरी टिकली. अशी नळी बंदुकीले लावनं कायद्यात बसते का, हे मातर गावात एकानंबी विचारलं नाही. वामनरावले कायदा कोन विचारते?

दसऱ्याच्या दिवशी बंदुकीची पूजा झाली. नळीले हळदीकुकू, झेंडूची माळ, म्होरं नारळ फोडला. सारं गाव पारावर बसवलं आन वामनराव बंदूक घेऊन मारुतीच्या मागच्या वावरात गेला. तिथून त्यानं बार काढला.

धडाम!

अवं, पिंपळावरचे सारे बगळे उडाले. कोनाची तरी शेळी दावं तोडून पळाली. मांडीवरचे लेकरं रडाले लागले. थोडा फरक असन, नाही म्हनत नाही, पह्यले भांडं आपटल्यावानी येई, आता पोतं आपटल्यावानी आला. पन आवाज तो आवाजच.

वामनराव नाचत आला. "काय? आला का आवाज?"

सारे एकमेकाचे तोंडं पाहाले लागले. मंग एक म्हातारा बोलला, "बार काढला का जी? कवा?" झालं! एकाची जीभ सुटली की बाकीच्याईची काय देर? कोनी म्हने, मले वाटलं अजून बंदूक भरूनच राह्यले. चंपाबाई म्हने, मी तर नुसता वारा ऐकला. आन आमचा बापूजी! हात जोडून उभा राह्यला आन म्हने, "मले वाटलं पिंपळाचं पान पडलं जी." पान! मी त्याच्याकडं असं पाह्यलं, पन त्याचं ध्यान वामनरावकडं. अमरच्या पाठीवर थापा पडल्या. पोट्ट्यानं सारं मोबाईलमंदी टिपून हैदराबादले धाडलं.

डुकराईले मातर कोनी सांगतलंच नवतं. ते पह्यल्यासारकेच बार ऐकून पळत राह्यले. अमर म्हने, त्याईले बंदुकीच्या दारूचा वास येते म्हनून पळते. असन बाप्पा, असन.

मंग दिवाळीच्या मागं एका दिवशी हे झालं. दिवेलागन होती. मी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती. बापूजी चांदीले धुऱ्यावरून, म्हंजे मळ्याच्या बांधावरून, आनाले गेलता, तिथं गवत बरं होतं म्हनून दुपारून तिले तिथं बांधे. तिचं दावं सोडाले तो वाकला असन नसन, धडाम! आन चांदी अशी ओरडली की माह्या हातची जुडी खाली पडली. मी धावत गेली. चांदी आडवी पडलेली, मानंतून रगत. बापूजी तिच्या बाजूले मातीत बसलेला, दावं तसंच हातात. आन त्या अंगाले, जवारीच्या पल्याड, वामनरावचं पांढरं धोतर लगबगीनं गावाकडं चाललेलं. आमाले कवाडाइतकी म्हैस दिसते, त्याले डुक्कर दिसलं!

चांदीनं फार वेळ नाही काढला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी रडली, मोठ्यानं रडली, त्यात लाज कायची? तिच्या दुधावर आमचं घर चाले, जैनथच्या स्टॅन्डवरचा चहावाला तिचंच दूध घे. आन हातभर इकडं छर्रे आले असते तर दावनीले नाही, घरात रिकामी जागा झाली असती.

सकाळी जनावराचा डाक्टर आला. त्यानं मानंतून छर्रे काढून माह्या हातावर ठेवले. म्हने, "हे बंदुकीचं काम आहे." मी ते छर्रे पदरात बांधले आन पारावर जाऊन बसली. म्हनलं, बैठक बोलवा, नाहीतर मी थान्यात जाते. थान्याचं नाव काढलं की वामनरावचा चेहरा उतरला. नळी होती ना बंदुकीले! लगेच बैठक बसली.

मी म्हनलं, "माही म्हैस वामनरावच्या बंदुकीनं मेली. त्याच्या गोठ्यातून मले म्हैस पाह्यजे. बस."

वामनराव खाकरला. जागेवरून उठलाबी नाही. म्हने, "रुख्मिणी, तुह्यं दुख मले समजते. पन पैनगंगेच्या पल्याडून कोनी चोरून शिकारीले आला असन. मी बार काढला असता तर कोनी तरी ऐकला असता ना? इचार गावाले. काल कोनी बार ऐकला?"

त्या लबाडाचा डाव इथं बरोबर बसला होता. दसऱ्याले साऱ्याईनं सांगतलं होतं, आवाज येतच नाही. आता आला म्हनाव, तर दसऱ्याले खोटे बोलले म्हनून कबूल कराव. आन बोअर? आन थ्रेशर? एकेक जन मान हालवत गेला. नाही आयकला जी. मी तर घरात होतो जी. चंपाबाई, जिच्या वावराचा धुरा माह्या धुऱ्याले लागून, काल माह्या मागंमागं धावत आली होती. ते म्हने, "मी तुह्यं रडनं ऐकून आली, बाई. बार नाही आयकला."

मी म्हनलं, ठीक आहे. माह्याजवळ साक्षीदार आहे. म्हैस पडली तवा तिचं दावं ज्याच्या हातात होतं, तो. "सांगा," मी बापूजीले म्हनलं. "साऱ्याईले सांगा, काय आयकलं ते."

बापूजी उभा राह्यला. वामनरावकडं पाह्यलं. टोपी काढली, परत घातली. आन म्हने, "मले काही आवाज आला नाही जी."

जी! वरून जी म्हनला! माहं रगत असं उसळलं की दोन घडी मले म्होरचं दिसेनासं झालं. अमर मोबाईल पाहत होता, वामनराव मिशी कुरवाळत होता. आन त्या रागातच मले सुचलं. थंड डोक्यानं सुचलं नसतं.

मी उठली. म्हनलं, "मंग ठरलं. काल आवाज आलाच नाही. सारं गाव म्हनते, माहा नवरा म्हनते. बरोबर?"

"बरोबर," वामनराव म्हने.

"पल्याडचा कोनी आला असता, तर त्याच्या बंदुकीचा आवाज आला असता. हो का नाही? नदीवर कोनी टायर फोडला तरी आपल्याले घरी ऐकू येते." मी पदरातले छर्रे सोडून त्याच्या म्होरं ठेवले. "म्हैस बंदुकीनंच मेली, डाक्टरनं सांगतलं. आन आवाज नाही आला, गावानं सांगतलं. आता मले सांगा वामनराव, आवाज न करता मारनारी बंदूक या मुलखात कोनाजवळ आहे? तुमीच तर तिले नारळ फोडला."

वामनराव पोराकडं पाहाले लागला. अमरनं मोबाईल खिशात ठेवला, पह्यल्यांदाच.

मंग वामनराव एकदम उभा राह्यला आन ओरडला, "अरे, कायचा आवाज येत नाही? येते आवाज! रोज येते! माह्या कानठळ्या बसते! हे नळी म्हंजे निस्ता पत्रा आहे, या पोट्ट्यानं माहं डोकं खाल्लं!"

अमर म्हने, "बाबा, डिझाइन बरोबर..."

"चुप बैस!" वामनराव म्हने.

आन पाहा आता गावाची मजा. मालकानं सोताच आवाज येते म्हनलं, मंग अडचन कायची? सारे एकदम बोलाले लागले. दसऱ्याचा म्हातारा म्हने, "येते म्हंजे काय जी, माह्या छपराचे कवेलू हालते!" दुसरा म्हने, काल तर माह्या हातचा चहा सांडला. चंपाबाई म्हने, "काल दिवेलागनीले येवढा मोठा आला, माय, मी तर छातीच धरली."

मी म्हनलं, "काल दिवेलागनीले?"

"हाव, दिवेलागनीलेच."

"कोनत्या अंगानं?"

"तुह्या धुऱ्याच्या," चंपाबाई म्हने, आन मंग तिच्या ध्यानात आलं. पन आता काय? बोलून झालं होतं. वामनराव हळूच खाली बसला. पळाची जागा त्याले दोन्हीकडून नवती.

म्हैस मीच निवडली. वामनरावनं भाकड दाखवली, मी दूध देनारी घेतली, खाली पारडी असलेली. नळी त्याच दिवशी बंदुकीवरून उतरली आन अमर आठवड्यात हैदराबादले गेला. गावातल्या लोकाईवर माहा राग नाही, असं म्हनत नाही. आहे. पन त्याईले पानी लागते, मलेबी लागते. ते समजून घेतलं मी.

बैठकीच्याच सांजेले मी घरी नवीन म्हैस दावनीले बांधत होती. बापूजी मागं उभा. म्हने, "मले तर काल आवाज आलता, रुख्मिणी. लय मोठा आलता. छर्रे माह्या कानाजवळून गेले."

मी त्याच्याकडं पाह्यलं नाही. म्हशीच्या म्होरं गवत टाकलं. म्हैस तर मले परत भेटली, बायांनो. आता या मानसाचं काय करू, ते तुमी सांगा.