सत्याप्पाच्या गाडीतलं पाणी

भावकूअण्णा पाटलांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत कायम तंबाखूचा वास असे. निपाणीत तंबाखूचा व्यापार करायचा तर वरचं पान बघून भागत नाही. पोत्याच्या तोंडाशी सोन्यासारखी पानं आणि पोटात माती-काड्या, हे ठरलेलंच. म्हणून अण्णा पोतं सुटलं की बाही सारून हात थेट आत खुपसत आणि तळातली मूठ काढून नाकाशी धरत. जन्मभर हेच केल्यावर माणसांकडंही ते तसंच बघू लागले, यात नवल ते काय? बायकोनं, गुणाबाईनं, न मागता दुसरी भाकरी वाढली तरी आज हिला काय पाहिजे असेल, असं त्यांच्या मनात येई.

अशा माणसापुढं एका सकाळी सत्याप्पा ड्रायव्हर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, टोयोटा इकणार असं ऐकलं. इकणार असला तर मलाबी मोकळं करा."

ऐकलं ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, अण्णांनी जपानी बनावटीची ही लहान मालगाडी घेतली होती. आता बेळगावात अनगोळला राहणाऱ्या जावयानं कुठल्याशा नव्या कंपनीच्या गाड्यांची एजन्सी घेतली, आणि सासऱ्यानंच आपली गाडी घेतली नाही तर गावात तोंड कसं दाखवू म्हणून लेकीकरवी निरोपावर निरोप धाडले. अण्णांनी टोयोटा विकून जावयाची गाडी घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं.

"गाडी माझी, पगार माझा. तुला काय तरास?" अण्णांनी विचारलं.

"तरास न्हाय. पर मी दुसरी गाडी चालवत न्हाय."

"आरं, ह्याच्या आदी जुना ट्रक चालवत हुतास न्हवं?"

"चालवला," एवढंच सत्याप्पा म्हणाला. आतून आलेला चहा त्यानं उभ्यानं घेतला, नळावर कप विसळला, रोजच्यासारखा खिडकीच्या कोनाड्यात पालथा घातला आणि माल भरायला गेला.

अण्णांचं डोकं फिरलं. कितीतरी वर्षांची चाकरी हा माणूस एका गाडीपायी सोडायला निघालाय! लोक बापापायी सोडत नाहीत, बायकोपायी सोडत नाहीत, आणि ह्याला जपानी लोखंडाचा एवढा पुळका. कुठंतरी पाणी मुरत होतं.

घराला लागूनच असलेल्या वखारीच्या दारात राखणीला आण्णाप्पा बसे. जन्मभर ट्रक चालवून कंबर मोडली, म्हणून अण्णांनी त्याला स्टूल दिलं होतं. त्याला विचारलं, तर तो आधी इकडं-तिकडं बघून घेऊन म्हणाला, "रागाला येऊ नगा अण्णा, पर ड्रायव्हरचं घर पगारावर चालत न्हाय. गाडी बंद पडण्यावर चालतंय. पाटा तुटला, पंप गेला, की मेस्त्रीचं बिल मोठं आनि त्यातला वाटा आमचा. मी काय साधू हुतो व्हय?"

"मंग?"

"मंग ही टोयोटा बंदच पडत न्हाय की. सत्याप्पाच्या ताटातलं कोरड्यास गेलं. तरी त्यो म्हंतोय, हीच पायजे. तुमीच वळखा आता."

"त्यो एकटाच म्हंतोय का?"

"न्हाय न्हाय. स्टँडवर जो त्या गाडीवर बसला, त्यो उतराय मागत न्हाय. एका चावीला चालू हुतीया, घाटात दमत न्हाय, दिस बुडायला मानूस घरला. त्येंचं मला समजतंय. त्ये गाडीवरनं उतरून हाटेलात बसून गुण गात्यात. सत्याप्पा उतरतच न्हाय. कुटंच. त्येचं मला काय उमजत न्हाय बगा."

झालं. अण्णांच्या संशयाला पाय होतेच, आता चाकं लागली. जो वरची कमाई सोडतो तो खालून खात असला पाहिजे. गोव्याची दारू? का दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचा माल आपल्या मालाखाली दडवून? सत्याप्पा दुपारी जेवायला घरी गेला तशी अण्णांनी टोयोटाची केबिन उघडली आणि बाही सारून सीटखाली हात घातला.

हाताला एक कॅन लागला. मग दुसरा, मग तिसरा. ओल्या किलतानाच्या गोणपाटात गुंडाळलेले, गच्च भरलेले. बूच काढून वास घेतला, वास नाही. बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी होतं, साधं आडाचं. बाकीच्या दोन्हींतही तेच. शेजारी फडक्यात भाकरी, चटणी आणि थर्मासात चहा.

दुसरा कुणी असता तर हसून दार लावून घेतलं असतं. अण्णांचा संशय मात्र यानं फिटायचा सोडून दुप्पट झाला. ज्या गाडीचं रेडिएटर महिनामहिना पाणी मागत नाही, तिच्यात तीन कॅन पाणी कशाला? आणि रस्त्यानं पावलापावलावर चहाची टपरी असताना थर्मास कशाला? ज्याला तोंड लपवायचं असतं तोच वाटेत उतरत नाही, असा त्यांनी अर्थ काढला आणि तो त्यांना पक्का पटला.

त्याच आठवड्यात जावयानं नवी गाडी चार दिवस चालवून बघायला म्हणून पाठवली. अण्णांनी ठरवलं, हिच्यातून बेळगावला खासबागेतल्या व्यापाऱ्याचा माल पोचवायचा आणि स्वतः सत्याप्पाशेजारी बसून जायचं. टोयोटा नाही म्हटल्यावर ह्याची वाटेतली गुपितं आपोआप उघडी पडतील.

सकाळी सत्याप्पा तिन्ही कॅन घेऊन आला. अण्णा दारातच होते.

"त्ये काय आनि?"

"पानी हाय, अण्णा."

"नव्या गाडीत कचरा नको. ठेव हितंच. पानी काय वाटंला मिळत न्हाय का?"

सत्याप्पानं एका कॅनमधलं पाणी ओतून दिलं. मग तो रिकामा कॅन तेवढा गाडीत टाकला आणि बाकीचे आण्णाप्पाच्या स्टुलाजवळ नेऊन ठेवले. त्याचा पडलेला चेहरा बघून अण्णांना बरं वाटलं. नस सापडली म्हणायची.

तवंदी घाट निम्मा चढला नाही तोच जावयाची गाडी हुंदके द्यायला लागली. कशीबशी माथ्यावर आली आणि बॉनेटमधून वाफ सोडून गप झाली. सत्याप्पा खाली उतरला, बॉनेट उघडलं, लांबूनच बघितलं. "पानी लागंल. थंड झाल्याबिगर घालाय येनार न्हाय, पर आनून ठेवाय पायजे."

रस्त्यापासून थोड्या अंतरावर पाचपन्नास घरांची वस्ती होती. ऊन चढलं होतं आणि अण्णांच्या घशाला कोरड पडली होती. "जा की मग. घेऊन यी," ते म्हणाले.

सत्याप्पा हलला नाही. "अण्णा, तुमीच चला संगट. न्हायतर तुमी जावा, मी गाडीपाशी थांबतो."

मालकाला पाण्याला धाडतो? अण्णांना राग आला, आणि रागामागून आनंद. सापडला! ह्या वस्तीत ह्याचं काहीतरी आहे. भानगड असेल, नाहीतर मालाचा अड्डाच असेल. "मी कशाला? तूच जा," ते जरबेनं म्हणाले. सत्याप्पा कॅन उचलून निघाला. तो जरा पुढं गेल्यावर अण्णा बाभळींच्या आडोशानं मागं मागं गेले. पन्नाशी उलटलेला, धोतर सावरत चाललेला हा प्रतिष्ठित व्यापारी आपल्याच ड्रायव्हरमागं चोरासारखा लपतछपत होता, आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

पहिल्याच घरापुढं एक बाई आडावरून भरलेली घागर घेऊन येत होती. सत्याप्पा लांबच थांबला आणि गाडीसाठी पाणी पाहिजे म्हणाला. बाई भली होती. तिनं लगेच घागर कमरेवर तिरकी केली. सत्याप्पानं कॅन पुढं धरला. तेवढ्यात कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठला रं तू?"

"निपानीचा, मामा."

"त्ये झालं. कुनापैकी?"

सत्याप्पानं पुढं धरलेला कॅन खाली घेतला. अण्णांना बाभळीआडून त्याची पाठ तेवढी दिसत होती. मग तो सावकाश म्हणाला, "आमी जयभीमवाले, मामा."

बाईनं घागर सरळ केली. ओरडली नाही, रागावली नाही, खरं तर ती थोडी ओशाळली. म्हातारा पण शांतपणे म्हणाला, "खाली वढ्याला हाय बग पानी. त्या चिंचंच्या पल्याड." आणि सत्याप्पा, जणू हेच ऐकायला आला होता, अशा चालीनं वळून ओढ्याकडं निघाला.

आता झाडाआड उभं राहण्यात अर्थ नव्हता. अण्णा पुढं झाले. त्यांचं पांढरं धोतर आणि टोपी बघून म्हातारा कट्ट्यावर सरकला. "या, बसा. कुनापैकी आपन?"

"पाटील. तंबाखूची वखार हाय निपानीत," अण्णा म्हणाले. तोंडातून गेलं ते इतकं सहज, की आपल्याला काही विचारलं गेलं हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्याच बाईनं त्याच घागरीतलं पाणी तांब्यात ओतून आणलं. मग बशीतून चहा आला. अण्णांनी पाणी प्यायलं. चहाही प्यायला. समोर चिंचेपलीकडं सत्याप्पा वाकून कॅन भरताना दिसत होता आणि तो चहा त्यांना गोड लागला, हे त्यांना पुढं कितीतरी दिवस विसरता आलं नाही.

माल कसाबसा खासबागेत पोचला. गाडी जावयाच्या दारात लावून, लेकीला न भेटताच अण्णा सत्याप्पाला घेऊन निपाणीच्या बसमध्ये बसले. गर्दीत दोघांना एकच बाक मिळाला. खांद्याला खांदा लागत होता. बस संकेश्वरला आली. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटं सांगायचं हुतंस की. कोन बगाय आलतं?"

"जुन्या ट्रकवर हुतो तवा सांगत हुतो," सत्याप्पा म्हणाला. "कंदी मराठा, कंदी लिंगायत. एकदा एका गावात मराठा म्हनून जेवलो. पुन्यांदा तितंच ट्रक बंद पडला, आनि कुनीतरी वळखलं. जेवलेलं ताट माझ्याम्होरं दगडानं चेचलं त्येंनी. त्या दिसापासनं खोटं सोडलं."

"मला कंदी बोलला न्हाईस."

"काय बोलनार? ट्रक बंद पडला की उतराय लागायचं. उतरलं की कुनाच्या तर दारात जायाचं. पाना मागा, पानी मागा, रातीला अंग टाकाय जागा मागा. काय द्यायच्या आदी समदे त्योच सवाल करत्यात. टोयोटा आली आनि त्ये संपलं. आमच्या गल्लीतली ड्रायव्हर पोरं ह्या गाडीवर का जीव टाकत्यात? ती थांबत न्हाय, अण्णा. थांबाय लागत न्हाय, मंजी मागाय लागत न्हाय. जुन्या ट्रकवर चार पैसं वर मिळायचं. त्ये गेलं तर जाऊ दे, म्हनलं."

अण्णांनी जन्मभर पोत्यांच्या तळात हात घातले होते. ह्या माणसाच्या पोटात चोरीचा माल असेल म्हणून ते आठवडाभर चाचपडत राहिले, आणि निघालं काय, तर तहान. त्यांना स्वतःची शरम वाटली. पण माणसाचं मन असं लबाड, की निपाणी येईस्तोवर त्या शरमेचं त्यांनी औदार्य करून टाकलं. जावई रुसला तर रुसू दे, टोयोटा विकायची नाही. इतका मोठा निर्णय घेतल्यावर छाती जरा पुढं आली.

वखारीत पोचल्यावर त्यांनी आण्णाप्पादेखत मोठ्यानं सांगितलं, "सत्याप्पा, टोयोटा ऱ्हाणार. तू हाईस तवर ती हाय. तुझं कॅन ठेव बाबा तिच्यात, तीन न्हाय, धा ठेव. आता कुनाच्या दारात थांबायची पाळी तुझ्यावर यायची न्हाय."

"बरं झालं," सत्याप्पा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच हायसं दिसलं.

गुणाबाईनं आतून हाक दिली आणि चहा आला. अण्णांचा फुलाफुलांच्या कपबशीत. सत्याप्पा आपणहून खिडकीपाशी गेला, कोनाड्यातला कान तुटलेला कप उचलून त्यानं पुढं केला. गुणाबाईनं रोजच्यासारखा, वरून, भांडं कपाला लागू न देता चहा ओतला. अण्णा ते रोज बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना ते दिसलं.

सत्याप्पानं उभ्यानं चहा संपवला. नळावर कप विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. मग टोयोटाची किल्ली उचलत, मालकाला दुखावणार नाही इतक्या बेतानं तो म्हणाला, "बाकी रस्त्याला कुटंच थांबाय लागत न्हाय, अण्णा. हितं तेवढं थांबाय लागतंय."

बाहेर टोयोटा एका चावीला सुरू झाली. अण्णांच्या कपातला चहा निवत होता, आणि त्यांचा हात काही तो उचलेना.