धुतलेला दात

प्राचीन प्राण्यांचे दात, हाडं शोधत फिरणाऱ्या माणसांना एक वाईट खोड असते. माल कुठे सापडला ते सख्ख्या बायकोलाही सांगायचं नाही. दादा तर या बाबतीत पक्का आतल्या गाठीचा. धाकटी बहीण संग्रहालयात दात तपासण्याच्याच कामाला, पण तिच्यापुढेही तो नुसता दात ठेवायचा आणि मिशीत हसायचा. "ओळख कुठला ते!" आता ही खोड त्याच्या जिवावर बेतली होती.

काल सकाळी सायकल घेऊन गेलेला दादा परतलाच नव्हता. फोन बंद. नेहमी नदीकाठच्या वाळूत खणतो म्हणून शोधपथक सगळा नदीकाठ पालथा घालत होतं, आणि हाती काही म्हणजे काही लागत नव्हतं.

दुपार कलताना वहिनी संग्रहालयात आली, टॉवेलात गुंडाळलेला दात पोटाशी धरून. परवा संध्याकाळी दादाने तो घरी आणला होता. उरलेलं काढायला उद्या परत जातो, एवढंच बोलला होता.

बहिणीने टॉवेल उलगडला. दात बशीसारखा लख्ख होता.

"धुतलास?"

"मग? दात घरात आला की आधी धुवायचा, यांनीच शिकवलंय. घासला, रात्रभर पाण्यात ठेवला." बोलता बोलता वहिनीचा चेहरा उतरला. "माती हवी होती का गं?"

हवी होती. माती हाच तर दाताचा पत्ता. पण आता बोलून काय उपयोग? बहीण मोजपट्टी घेऊन बसली.

मॅमथ या प्राचीन हत्तीची दाढ म्हणजे पावाचे काप उभे चिकटवावेत तशा पट्ट्या. लोकरी मॅमथच्या पट्ट्या दाटीवाटीने बसलेल्या, एनॅमल पातळ. इथे पट्ट्या ऐसपैस आणि एनॅमल जाडजूड. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. हा दक्षिणी मॅमथ, लोकरीवाल्याचा फार जुना पूर्वज. नदीची वाळू त्याच्या कितीतरी नंतरची. तिथे तो मिळणंच शक्य नव्हतं.

तिने पथकप्रमुखाला फोन लावला. "नदी सोडा. तो तिथे नाही."

"मग कुठे?"

"एवढा जुना थर दोनच ठिकाणी उघडा पडलाय. समुद्राकडचा कडा, नाहीतर बंद वीटभट्टीची मातीची खाण."

"बाई, ही दोन टोकं झाली. माझी माणसं मोजकी, त्यात उजेड चाललाय. एक काय ते सांगा!"

तिने दाताला जीभ लावली. या धंद्यात त्याची कुणाला किळस वाटत नाही. समुद्राजवळचा दात खारट लागतो. हा साबणासारखा लागला. वहिनीने साबणही सोडला नव्हता.

मुळाच्या पोकळीत काही उरलं असेल म्हणून तिने सुई घातली. पोचेना. तेव्हा तिने छिन्नी-हातोडा घेतला. वहिनीने तिचा हात धरला.

"अगं, आयुष्यभर हाच दात शोधत होते ते. आल्यावर मला मारतील."

"मारू दे. आधी येऊ तर दे."

तुटलेलं जोडण्यात तिची सगळी नोकरी गेली होती, फोडायची सवय हाताला नव्हती. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला दाढ उभी फुटली आणि आतून चिमूटभर माती सांडली. निळसर करडी. कड्यावरची माती पिवळी असते, तिच्यात शिंपल्यांचा चुरा. तरी खात्री म्हणून तिने कण दाताखाली धरला. कचकच नाही, नुसतं लोणी.

"खाण!" ती फोनमध्ये ओरडली. "वीटभट्टीची खाण! पळा!"

मग दोघी नुसत्या बसून राहिल्या. बाहेर दिवे लागले. चुकलं असेल तर, एवढा एकच विचार बहिणीचं डोकं कुरतडत होता. वहिनी फोनकडे बघतसुद्धा नव्हती.

फोन वाजला.

"सापडला!" प्रमुखाचा आवाज फाटला होता, वहिनीलाही सगळं ऐकू येत होतं. "कंबरेपर्यंत मातीत रुतलाय. शुद्धीवर आहे. पण वरची दरड केव्हाही खाली येईल, आणि हा बाबा कुदळ लावू देईना! म्हणतो, पायाखाली अख्खा जबडा आहे, हातांनीच उकरा. आमच्या माणसाचा हात धरून बसलाय!"

अख्खा जबडा! क्षणभर, अगदी क्षणभरच, बहिणीच्या मनात आलं की खरंच हातांनी उकरता आला तर. आणि तिला स्वतःची शिसारी आली.

वहिनीने फोन हिसकावून घेतला. लग्नापासून या घरातली हाडं तिने बाळांसारखी पुसली होती.

"फोडा तो जबडा!" ती किंचाळली. "हाडं-बिडं सगळी फोडा मेली, आणि माझा माणूस काढा! ऐकत नसेल तर हात बांधा त्याचे!"

पलीकडे आधी नुसती ओरडाओरड. मग कुदळीचा घाव, त्यावर दुसरा, काहीतरी कडाडून फुटल्याचा आवाज, आणि दादाचं रडणं. लहान मुलासारखं, हमसून हमसून. ते पायाच्या कळांमुळे होतं की जबड्यासाठी, कोण जाणे. बहिणीने फोनसाठी हात पुढे केला. वहिनीने मान हलवली. दोन्ही हातांनी फोन कानाशी दाबून ती ते रडणं ऐकत राहिली.