लाल तेलाची बाटली

बाटलीतलं तेल पुन्हा उतरलं होतं.

मनोरमाबाईंनी ती गाडीच्या शेडमधल्या फळीवरून काढून उजेडात धरली. सुनेच्या नेलपॉलिशने त्यांनी बाटलीवर बारीक खूण केली होती. तेल त्या खुणेच्या दोन बोटं खाली होतं. त्यांनी तर बाटलीला हातही लावला नव्हता.

स्टिअरिंगच्या तेलाची ही बाटली त्यांच्या यजमानांची, दशरथरावांची. स्टेशनातली नोकरी संपल्यावर त्यांनी ही लहान गाडी घेतली, आणि पहिल्याच दिवशी डहाणूच्या समुद्राकाठी एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवलं होतं. "बघ, पॉवर स्टिअरिंग! आता तूही चालवशील." बाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. शिकल्या. आता यजमान नव्हते, पण दर बुधवारी बाई एकट्या तलासरीला रूपीकडे जात. रूपी कोसबाडच्या बालवाडीत त्यांची मदतनीस होती, तेव्हापासूनची मैत्रीण. अलीकडे तिचे पाय धरले होते, त्यामुळे आता बाई गेल्या तरच भेट व्हायची.

पण महिनाभर स्टिअरिंग जड झालं होतं. वळण घेताना पुढून कुणी कण्हल्यासारखा आवाज यायचा. बॉनेट उघडून बघावं, तर स्टिअरिंगच्या तेलाची डबी दर बुधवारी तळाला गेलेली. गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, त्यावर एक थेंब नाही.

म्हणजे डबीतलंही जात होतं आणि बाटलीतलंही. मग कुणी नेत असणार. पण कोण?

बोईसरला राहणारा मुलगा, यतीन, शनिवारी यायचा नि सोमवारी पहाटे जायचा. शेडची दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती. आणि दर वेळी जेवताना त्याचं एकच, "आई, विकून टाकू ना गाडी. या वयात हायवेवर कशाला?"

लहानपणी धाकटी डहाणू गावात आजोळी कोंबड्या नाहीशा व्हायला लागल्या, तेव्हा आजीने खुराड्याभोवती राख पसरली होती. सकाळी मुंगसाची पावलं उमटलेली दिसली. बाईंना ती पावलं अजून आठवत होती. शनिवारी संध्याकाळी त्यांनी शेडमध्ये, गाडीच्या तोंडाशी, चाळणीने तांदळाचं पीठ भुरभुरलं.

रविवारी सकाळी पिठात ठसे होते. आडव्या रेघांच्या तळाची चप्पल. यतीनचीच.

जड गाडी आई किती दिवस चालवेल, असाच त्याचा हिशेब असणार. समोरून बोलायचं, तर मागून हे!

"शेडची किल्ली दे," त्या चहा देताना म्हणाल्या.

"का गं?"

"माझी आहे म्हणून."

यतीनने त्यांच्याकडे पाहिलं, खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बशीत चहा ओतला. पकडला गेला, बाईंच्या मनात आलं.

बुधवारी तलासरीला पोचेपर्यंत त्यांचे दंड भरून आले होते. रूपीचा भाचा मिथुन हायवेलगत गॅरेज चालवायचा. रूपी तिथेच बाकावर पाय लांब करून बसली होती.

"बाई, तोंड का पाडलं तू?"

बाईंनी सगळं सांगितलं. पिठाचंही.

रूपी खळखळून हसली. "पीठ टाकला? पोरगा हाय का मुंगूस?"

"हसू नकोस. ठसे पाहिलेत मी."

मिथुन तोवर गाडी जॅकवर चढवून खाली शिरला होता. "बाई, जरा वाका इकडे," तो म्हणाला. चाकाजवळ घड्या पडलेलं एक काळं रबरी आवरण होतं, टम्म फुगलेलं. "याला बूट म्हणतात." त्याने त्याची पट्टी ढिली केली. भळकन लाल तेल खालच्या थाळीत पडलं. दुसऱ्या बाजूचा बूट सोडला, तिथूनही तेच.

"आतलं सील गेलंय. तेल गळतं ते या बुटात साठतं. जमिनीवर थेंब कुठून दिसणार?"

बाई थाळीकडे बघत राहिल्या. "म्हणजे कुणी काढत नव्हतं?"

"काढायचं काय? उलट कुणीतरी भरत होतं. हे सील पावसाळ्यातच गेलेलं दिसतंय. एवढ्यात डबी कोरडी पडून पंप जळायला हवा होता. तुम्ही भरत होता ना?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग मुंगसानं भरला," रूपी म्हणाली.

सील वापीहून यायचं होतं. गाडी तिथेच सोडून बाई बाकावर रूपीशेजारी बसल्या नि त्यांनी फोन लावला.

"यतीन, स्टिअरिंगचं तेल तू कधीपासून भरतोयस?"

"गणपतीपासून."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं आई. तेल कमी होतंय, मिथुनला दाखवू, म्हटलं. तू म्हणालीस, 'तुला काहीतरी खोट काढून गाडी विकायचीच आहे.' मग गप्पच भरत राहिलो. अर्ध्या रस्त्यात अडकली असतीस तर?"

बाईंना आठवलं. गौरी जेवायच्या होत्या तो दिवस. हातात घावनांचं ताट होतं, आणि ते ताट त्यांनी आपटलं होतं. शब्द न् शब्द आठवला.

"आई? आहेस ना?"

"आहे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "शनिवारी येशील तेव्हा गाडी घ्यायला तलासरीला चल माझ्याबरोबर. येताना तू चालव. शेडची किल्ली टेबलावरच आहे, उचल ती."

"बरं."

"आणि काय रे, बाटलीवरचं नाव वाचून भरत होतास ना? तिथेच शेजारी ब्रेकचं तेलही असतं."

"वाचून भरत होतो, आई."

"शनिवारी भरून दाखव मला," बाई म्हणाल्या.