चार पितळी अक्षरं

मी एक जुनी विनाशिका, म्हणजे लढाऊ नौका आहे. लाटा अडवायला मला या मासेमारी बंदराच्या तोंडाशी, पोटात दगड भरून, बसवली आहे. मित्रांनो, पूर्वी माझं नाव उसुयुकी होतं. उसुयुकी म्हणजे विरळ हिम.

जपानातल्या कुरे बंदराच्या गोदीतून मी पाण्यात उतरले तेव्हा कबुतरं सोडली होती. अंगाने मी सडपातळ, पळायला चपळ, पण कोळसा खायला अगदी बकासुर! माझ्या भट्ट्यांशी तोकुजी नावाचा खलाशी चौदा वर्षं झुंजला. रशियाशी लढून परतलो तेव्हा धक्क्यावर माणसं मावत नव्हती. कौतुक मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू?

पुढे तेलावर चालणाऱ्या नौका आल्या. माझ्या तोफा काढल्या, आतलं छोटं देवघर पांढऱ्या कापडात गुंडाळून नेलं आणि माझं नाव एका नव्या नौकेला दिलं. माझ्या मागच्या अंगावरच्या चार पितळी अक्षरांवर मात्र घाईत नुसता रंग फासला. काही वर्षांत तो उडाला आणि नाव पुन्हा दिसू लागलं. मला कोण आनंद झाला! वाचायला कुणीच येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

एका ओहोटीला तोकुजी आला. पार म्हातारा झाला होता. हातात छिन्नी होती.

कालवं फोडणारी ओशिमो ओरडली, "काय आजोबा, या वयात पितळ चोरताय?"

"चोरी कसली, बाई! माझा धाकटा नव्या उसुयुकीवर आहे. एका नावाच्या दोन नौका समुद्राला खपत नाहीत. पोराचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

मग त्याने माझ्यावर थोडी साके, तांदळाची दारू, नैवेद्यासारखी ओतली. "रागावू नकोस गं," एवढंच म्हणाला.

तीन अक्षरं त्याने काढली. चौथं काही केल्या निघेना. छिन्नी टाकून तो मटकन खाली बसला आणि रडू लागला.

मला ते अक्षर हवं होतं. फार हवं होतं. पण पोर त्याचं होतं. शेवटचा गंजका खिळा मी सोडून दिला आणि अक्षर पाण्यात पडलं.

तोकुजी उठला, कमरेत वाकून त्याने मला नमस्कार केला. हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या, थकल्या जिवांना नावाने हाक मारत जा. मला हाक मारायला आता नावच उरलं नाही.